नखाएवढा

डंडीतलं इस्पितळ, संध्याकाळचे सात.
इशबेल कागदावर चष्मा टेकवते.
उद्या फुप्फुसाचा वरचा भाग काढतील,
त्यातला नखाएवढा तुकडा
अभ्यासाला द्याल का?

"त्यानं मी बरी होईन?"
पोरसवदा डॉक्टर खोटं बोलत नाही.
"तुम्ही नाही. पुढचं कुणी, कदाचित."

तागाच्या गिरणीत
मागांच्या खडखडाटात ती ओठ वाचून बोलायची.
केसांत, डब्यात, श्वासात धूळ.
तेव्हा सही कुणी मागितली नव्हती.

पेन चालत नाही. दुसरं आणतात.
आडनावाशी हात जरा थांबतो,
मग पुढे जातो.

"तुकड्यावर नाव लिहिता?"
"नाही. फक्त नंबर."
"गिरणीत माझाही होता. चारशे सात.
रिकामा असेल
तर तोच द्या."