उंदराच्या हाताखाली

आजोबांनी ते धरण सुरुंग लावून उडवलं,
एकोणीसशे त्रेपन्नच्या एप्रिलात.
फोटो आहे घरात. काठी टेकून उभे आनिसेतो,
मागे चिखलाचा फवारा,
चेहऱ्यावर देणं फिटल्याचं समाधान.
बीव्हर म्हणजे त्यांच्या लेखी
कुरणात पाणी तुंबवणारा आडदांड उंदीर.

पाणी मोकळं झालं.
ते थांबलं नाही, यात त्याचा काय दोष?
ओढा आपलाच तळ कातत गेला.
माझ्या लहानपणी गुडघाभर खोल,
लग्नाच्या वर्षी घोड्याच्या पोटाइतका,
आता त्यात उभी राहिले
तर मला आमचं घर दिसत नाही.
जुलैत नुसते गोटे.
नेवाडाची करडी झुडपं काठाशी येऊन
वाकून बघतात.

म्हणून त्या सप्टेंबरात आम्ही पाच जण
उंदराच्या कामावर रुजू झालो.
जुनिपरचे खुंट, टोकं तासलेले, हातहात अंतरावर.
ठोकायला डक व्हॅलीचा टेरिल.
विलोच्या फांद्या विणायला मी,
आत-बाहेर, आत-बाहेर,
मग चिखल, बादलीनं.
नकाशा घेऊन आलेली सोलवेग म्हणाली,
"थोडं गळू द्या.
जे गळत नाही, ते फुटतं."
बाकीचे हसले. मला नवरा आठवला.

टेरिल म्हणाला, "माझ्या पणजीला विचारलं असतंत
तर एवढा कागद वाचला असता."
कोणी काही बोललं नाही.
पुढचा खुंट ठोकला.

पहिल्या वर्षी गाळ.
दुसऱ्या वर्षीही गाळच, आणि एका खुंटाला
कुणाची तरी हरवलेली चप्पल.
तिसऱ्या वर्षी मे महिन्यात
पहाटे कोकरू शोधायला उतरले,
तर तीन नंबरची भिंत
कुणीतरी दुरुस्त केलेली.
जिथे माझी वीण चुकली होती नेमकी तिथे
ओला चिखल थापलेला, त्यावर बोटांचे ठसे,
आणि सोललेली एक पांढरी फांदी
माझ्या आडव्या फांद्यांना छेदून
तिरकी खोचलेली.

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.
बूट भिजले ते नंतर कळलं.

टेरिलला फोन केला.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"मुकादम आला वाटतं."

फोटो भिंतीवरच आहे.
त्यातला चिखल अजून हवेतच आहे,
खाली पडायचाय.

चार नंबरला मी फांद्या तिरक्या लावल्या.
अजून तरी कुणी येऊन
उसवलेल्या नाहीत.