तांदळाएवढी

बार्न्सली. नोव्हेंबर. मिस्टर ऑल्डरॉइड
टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले.
दुखत काहीच नव्हतं;
मुलीनं धाडलं, म्हणून आले.

मला नाही म्हणायचा कंटाळा आला,
लिहून टाकला स्कॅन.

त्यात निघाली तांदळाएवढी सावली.
मग सावलीचा स्कॅन. मग सुई.
मग तीन महिने थांबा, आणि पुन्हा.
शेवटी पत्र: काही नाही.

तोवर त्यांनी शर्यतीची कबुतरं
देऊन टाकली होती जावयाच्या मित्राला,
एकूण एक, पायातल्या कड्यांसकट.

आता दर महिन्याला येतात.
"डॉक्टर, ते 'काही नाही'
वाढलं तर नसेल?"

मी मनगट हातात घेते.
नाडी ठीक आहे. तेव्हाही ठीकच होती.
बाहेर पुढचा पेशंट खोकतो.
मी सोडत नाही.