भुताचा हात

सकाळभर मी ऱ्हस्वाचं दीर्घ करते, दीर्घाचं ऱ्हस्व,
सदाशिव पेठेतल्या तळघरातल्या छापखान्यात.
कुणाच्या तरी कैलासवासी वडिलांचा गौरवग्रंथ,
त्यात 'पितृतुल्य' तीन वेळा, तीन तऱ्हांनी.
बाराला डबा न उघडताच उठते,
"दाताकडे जाऊन येते," म्हणते.
या वर्षात माझे एकोणीस दात दुखले आहेत.

रास्ता पेठेत, रद्दीच्या दुकानामागे, थेटर आहे.
बाल्कनी बंद. पंखे आपापल्या मर्जीने.
भिंतीवर पाटी: पडद्यावर काही फेकू नये.
पडदा तुमच्या तीर्थरूपांचा नाही.
सात तिकिटं खपल्याशिवाय खेळ लागत नाही.
शफीमामा बोटं मोजतो:
मी, पोस्टातून निवृत्त झालेले गुर्जर,
झोपायला येणारा एक रिक्षावाला,
आणि कॉलेजची दोन पोरं, ज्यांना पडद्याशी काही कर्तव्य नाही.
"दोन कमी पडतात, ताई."
मी दोन जास्तीची घेते.
एका खुर्चीत पर्स बसते, एकीत छत्री.

'सातव्या पायरीचा शाप'.
पहिल्याच शुक्रवारी आपटला.
चारुहास पाळंदे, जो लॉ कॉलेज रोडवर
इराणी सिनेमासाठी तासभर आधी रांग धरतो,
म्हणाला, "अगं, भुताच्या मनगटावर
चक्क घड्याळाचा गोरा पट्टा!"
अख्खा कट्टा हसला. मीही हसले.
चौथ्यांदा बघून आले होते, ते सांगितलं नाही.

दिसतं मला सगळं. पोटच त्यावर भरतं माझं.
नायिका विहिरीत पडते निळ्या साडीत,
वर येते हिरव्या.
पाऊस फक्त नायकावर, मागे म्हशी कोरड्या.
इन्स्पेक्टरची मिशी मध्यंतरानंतर
जरा डावीकडे राहायला जाते.
स्मशानात एक कुत्रं शेपूट हलवत येतं.
भ्यायचंय, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही,
आणि कुणी त्याला कापलेलंही नाही.
माझा हात पेनाकडे जातो.
पेन पर्समध्ये,
पर्स तिकीट काढून शेजारी बसलेली.
मग हात मांडीवर ठेवते
आणि होऊ देते.
एवढं होऊ देणं या गावात कुठे मिळतं?
इथे वाढदिवसाच्या शुभेच्छांतही लोक अनुस्वार शोधतात.
लोक म्हणजे, मीच.

पाचव्या खेपेला एकच तिकीट जास्तीचं लागलं.
छत्री मांडीवर आली.
मध्यंतरात, क्रीमरोलचे पैसे पुढे करणारा हात:
केसाळ, करंगळीचं नख काळं पडलेलं,
मनगटावर गोरा पट्टा.
वर बघायला मी जरा वेळ घेतला.

नऱ्ह्याचा टेम्पोवाला. शूटिंगला जनरेटर पोचवायला गेला,
तर भूत तापाने फणफणलेलं, आलंच नव्हतं.
"घड्याळ काढ म्हणाले. काढलं."
एवढं बोलून त्याने हात खिशात घातला.
"खिडकीतून येतो ना," मी म्हटलं,
"दचकते मी. दर वेळी."
हात थोडासा बाहेर आला.

शेवटी नावं पळायला लागतात तेव्हा सगळे उठतात,
शफीमामाला दिवे लावायची घाई.
आम्ही दोघं दाराशी थांबलो.
अगदी तळाला, चहावाल्याच्याही खाली:
भूताचा हात – बबन खीलारे.
दोन दीर्घ, दोन्ही चुकीचे.
माझ्या तोंडून निघालंच,
"तुमची खि पहिली ना हो?"
"चुकलंय," तो म्हणाला,
पडद्याकडेच बघत. "पण आलंय."

तीनला टेबलाशी.
"कसा आहे दात?"
"आहे."
पान एकशे चार. पितृतुल्य, चौथ्या तऱ्हेचं.
पेनाचं टोपण निघायला
आज जरा वेळ लागला.