इतर नाव असल्यास

कोठी कचेरीसमोर कडुलिंबाखाली माझं टेबल.
एक पाय आखूड,
त्याखाली जुन्या पावतीपुस्तकाची घडी.
तेवीस वर्षं मी परदेशी जाणाऱ्यांचे फॉर्म भरतो.

सगळे प्रश्न सरळ, एक सोडून:
आपण इतर कोणत्या नावाने ओळखले जात होतात का?
इथे माणसं अडतात.
मांडवीचा धवल, सहा फुटी गडी, कॅनडाला निघालेला,
कान लाल करून पुटपुटला,
"काका, घरमां बकुडो कहे छे. लिहायचं?"
ना रे भाई. लिही, नाही.
सरकारला लाडाचं नाव कळलं
की त्याचा दाखला मागतात.

चहा येईस्तोवर मग मीच सांगत बसतो:
देशांनाही असतात घरची नावं.
जपान घे. उगवत्या सूर्याचा देश.
पण स्वतःच्या पायाखालून सूर्य उगवताना
पाहिलाय कुणी?
तिथल्या माणसालाही तो आणखी पलीकडून, पाण्यातूनच येतो.
हे नाव पश्चिमेच्या शेजाऱ्याच्या खिडकीतलं:
त्यांच्याकडून उजाडतं.

भूतान गर्जणाऱ्या ड्रॅगनचा.
कुणी साधू म्हणे मठ उभारत होता, आभाळ गडगडलं,
त्याला वाटलं, होकार आला.
फिनलंड हजार सरोवरांचं.
मोजली, तर लाखाच्या वर भरली.
नाव तेच राहिलं.
आई नाही का म्हणत, हजारदा सांगितलं तुला,
ती कधी मोजते?

"आणि आपलं?"
सोन्याची चिमणी.
मराठीत म्हणतात, इथे सोन्याचा धूर निघायचा.
आग कुणी लावली, ते म्हणीत नाही.

आता हे गावच बघ.
वटोदर, वडाचं पोट.
पाच पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून आलेल्या आम्हाला
त्या पोटात जागा मिळाली.
साहेबाच्या जिभेवर ते बसेना, त्याने बरोडा केलं,
आम्ही बडोदं म्हणतो, स्टेशनावर वडोदरा.
एवढी नावं,
पण गावाला कुणी खुलासा मागत नाही.

मुलीचा फॉर्म मीच भरला होता.
मृणाल शशिकांत ताम्हाणे.
उंची. जन्मतारीख. डाव्या भुवईवर तीळ.
त्या रकान्यापाशी पेन थांबलं.
दोन वर्षांची असताना शेव-उसळीतली फक्त शेव वेचायची,
उसळ आईच्या ताटात,
तेव्हापासून शेवू.
मी लिहिलं, नाही.
खाली तिची सही:
वरील सर्व माहिती सत्य आहे.

ती ऑकलंडला गेली.
त्या देशाचं नाव तिला आधीच सांगून ठेवलं होतं,
लांब पांढऱ्या ढगाचा देश.
होडीत दिवसच्या दिवस पाणी पाहून थकलेल्या एका बाईला
म्हणतात, आधी ढग दिसला.
जमीन त्याच्या खाली निघाली, नंतर.

तिकडे तिला मू म्हणतात.
कशावरून गं?
"काही नाही बाबा, मृ जमत नाही त्यांना.
पण लाडाने म्हणतात हं."
मी बरोडा आठवून गप्प.

रविवारी तिने पडदा सारून फोन खिडकीला लावला.
माझ्या पडद्यावर नुसतं पांढरं,
कुठून कुठवर ढग, कळेना.
"दिसला?"
दिसला, म्हणालो.

धवल पैसे देऊन उठला,
दोन पावलं गेला, परत आला.
"काका, पेन्सिलने लिहिलं तर?
बारीक. कडेला."

मी टोक काढलं आणि लिहून दिलं.
झेरॉक्समध्ये उमटत नाही.