आनी, बानी, गानी

आमच्याकडे त्रिकोणाच्या शिरोबिंदूंना
आनी, बानी, गानी म्हणतात.
लिपीतली पहिली तीन अक्षरं, पहिलीत गोल गोल गिरवलेली,
नववीत पुन्हा भेटतात तेव्हा टोचतात.

चियातुरात आज दहालाच वीज गेली.
मेणबत्तीपाशी सतरावी वही:
बाचाना, खाणीतल्या झुराबचा मुलगा.
पक्ष नीट. साध्य नीट.
रचनेत लिहितो,
'आनीतून जाणारा, बानी-गानीचा लंबदुभाजक काढला.'

थांब, पोरा.
रेषा म्हणजे काही तुझी धाकटी बहीण नव्हे,
की येताना पाव आण, पाणी भर, कोंबड्या कोंड.
तिला मध्यातून जायला सांग, काटकोन करायला सांग,
एवढ्यातच ती बांधली गेली.
आता वाटेत आनी लागला तर लागला.
ते तिच्या हातात नाही,
तुझ्या तर नाहीच.

पण तू आनी काढलास तोच वाटेत लागेल असा.
आकृती खोटं बोलत नाही,
फक्त हांजी हांजी करते,
आणि खाली सातव्या ओळीत
जगातले सगळे त्रिकोण समद्विभुज होऊन बसतात,
फोटोला बसल्यासारखे.

लाल पेन उचललं
आणि लामझिरा आठवली.

बावीस वर्षं झाली. तिसरा बाक, खिडकीकडचा,
तिथून रोपवेची तार दिसायची, दरी ओलांडणारी.
मी फळ्यावर तीन लंबदुभाजक काढले,
जिथे भेटले तिथून तिन्ही शिरोबिंदू जोडले:
हे तीन छोटे त्रिकोण, यांची बेरीज म्हणजे मोठा.
ती म्हणाली, नाझी मास, ते आतच का भेटतात?
मी म्हटलं, दिसतंय की.
वर्ग हसला. तीही हसली, जरा उशिरा,
आणि बसली.

दिसतंय की.
बावीस तुकड्या माना डोलावून गेल्या त्या फळ्यापुढून.
कुणी खाणीत, कुणी तुर्कस्तानात चहाच्या मळ्यावर,
एक तर आता पूल बांधतो.
(पूल उभे आहेत. मी चौकशी केली.)

आज कोऱ्या कागदावर मुद्दाम बेढब त्रिकोण काढला,
आनीचा कोन एकशे चाळीस, कुणाची भीड न ठेवणारा.
पहिला लंबदुभाजक. मग दुसरा.
दोघे उतरत गेले, बानी-गानीची बाजू ओलांडून,
कागद संपला तरी थांबेनात.
मेणकापडावर भेटले,
आक्रोडाच्या मुरंब्याचा जुना डाग आहे, त्याच्या अलीकडे.
कंपास लावला. तिघांपासून सारखं अंतर.
तिथे टिंब दिलं.

बाचानाच्या वहीत फुली मारली नाही.
लिहिलं: 'आनी थोडा डावीकडे सरकव,
मग तुझ्या रेषेला विचार ती कुठे जाते.'

लामझिरा हल्ली ग्रीसमध्ये असते,
कुणा म्हातारीला अंघोळ घालते, भरवते.
तिची आई बाजारात सांगत होती, तेव्हा मी
वांग्यांचा भाव विचारला.
पत्ता विचारायला हवा होता.
आता विचारीन. पत्रात काय लिहायचं
ते पहिल्या ओळीपुढे सरकत नाही:
पक्ष, तू विचारलं होतंस.

सकाळी सून ओलं फडकं घेऊन आली.
म्हटलं, सगळं पूस,
तेवढं एक टिंब सोडून.