पाचशे शब्दांत खुलासा

डुलूथला नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारतं.
आठ वाजता माझी पाळी सुरू होते,
निवाऱ्यात खाटा बेचाळीस
आणि दाराशी माणसं सत्तेचाळीस.
ही वजाबाकी मला रोज येते.
सांख्यिकीत मात्र मी नापास. दोनदा.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अर्जात
नवव्या पानावर लिहिलंय:
पदवीच्या गुणांत काही विसंगती असल्यास
पाचशे शब्दांत खुलासा करावा.

विसंगती.
जसा भरतकामात एखादा टाका उलटा पडावा.
माझा तर अख्खा रुमालच उसवलेला,
चारपैकी दोन पूर्णांक एकतीस.
त्यांना हवेत तीन.

पहिला मसुदा म्हणजे नुसतं रडगाणं.
दुसऱ्यात मी इतकी शूर झाले
की माझं मलाच हसू आलं.
तिसऱ्यात लिहिलं: वडील धान्याच्या गोदीवर
शिडीवरून घसरले, दुर्दैवाने,
मी रात्रभर पावाच्या कारखान्यात, दुर्दैवाने,
आणि सकाळी आठच्या तासाला
बाकावर डोकं.
सगळं खरं. पावती मागाल तर पावतीही आहे.

शिफारशीसाठी पत्र टाकलं प्रोफेसर एंगेनना,
दोन्ही वेळा मला त्यांनीच नापास केलं होतं.
अकरा दिवस काही नाही.
मग दीड ओळीचं उत्तर:
तू हीटरशेजारी बसायचीस. पेपर कोरा असायचा,
पण रोज असायचीस. लिहीन.

रोज नव्हते, सर.

रात्री दोनला डेल्बर्ट बोलियू उठतो,
खाट क्रमांक सतरा.
वर्तमानपत्र बंद पडेपर्यंत तिथे मुद्रितं तपासायचा.
झोप त्याला अजून छपाईच्या वेळेनुसारच येते.
मी कागद पुढे केला तर आधी पेन्सिल मागितली,
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली,
तीन ‘दुर्दैवाने’ खोडले,
एक स्वल्पविराम हलवला,
तिथेच थांबला.

म्हणाला, दोन सत्रं समजली.
तिसऱ्या सत्राला कोण पडलं होतं?

तिसऱ्या सत्राला
कुणीच पडलं नव्हतं.
वडील काठी घेऊन फिरायला लागले होते,
कारखाना मी सोडला होता.
मी फक्त जात नव्हते.
खिडकीतून लोहखनिजाची जहाजं दिसायची,
पूल वर जायचा, भोंगा वाजायचा,
पूल खाली यायचा,
आणि मी पांघरुणात, बूट घालून.
बूट कशाला घालायचे, ते मला आजही सांगता येत नाही.

मग तसं लिही, डेल्बर्ट म्हणाला.
आणि अजून एक ब्लँकेट आहे का, पाय गार पडलेत.

ब्लँकेट दिलं.
पहाटेपर्यंत लिहिलं तसं.
बूटसुद्धा लिहिले.
नंतर खोडले. नंतर परत लिहिले.
मध्येच पडद्यावर आलं: वेळ संपली,
पुन्हा प्रवेश करा.
अर्धा तास गप्प बसलं की हाकलतात.
मला राग आला नाही, फक्त नवल वाटलं,
कारण इथे, या टेबलाशी,
‘शेवटचा पत्ता’ या रकान्यावर
माणसं अर्धा अर्धा तास गप्प बसतात
आणि मी तेवढा वेळ
समोरच्या कॉफीच्या डागाकडे बघत राहते.

शब्द झाले तीनशे सहा.
उरलेले एकशे चौऱ्याण्णव वापरायचे होते,
‘चिकाटी’, ‘तळमळ’ वगैरे तयारही होते.
राहू दिले.
बटण दाबलं पाच वाजून चार मिनिटांनी.
पैसे कापल्याचा निरोप लगेच आला,
बाकीचा मार्चमध्ये कळवतात.

तेवढ्यात दाराची घंटा.
अठ्ठेचाळिसावा.
पोरगाच, मिशीत बर्फ, हातात एकच मोजा.
खाट नाही, पण खुर्ची आहे, मी म्हटलं,
आणि रकाने भरायला घेतले.
नाव सांगितलं. जन्मसाल सांगितलं.
मग पत्त्यापाशी अडला,
माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

मी पेन खाली ठेवलं.
कॉफी ओतली, एक त्याला, एक मला.
बाहेर कुठलं तरी जहाज पूल मागत होतं.