गुरुवारी कूलर बंद

गुरुवारी दुपारी तीनला
मी माझ्याच घरचा कूलर बंद करतो.
मे महिना. सक्करदऱ्यात डोक्यावरचा पत्रा टिकटिक वाजतो.
रेशीमबागेत पंप जळलाय, नंदनवनात मोटर अडकलीय,
सगळे माझ्या नावानं बोटं मोडून राहिले,
आणि मी दार लावून, पंखाही थांबवून
कोपरापर्यंत साबण चोळतोय.

मार्चमध्ये लिसम्मा सिस्टरनी
माझे हात उलटेसुलटे करून बघितले.
"भाऊ, या हातांनी नाही."
नखांतल्या ग्रीससाठी ब्रश दिला.
तिसऱ्या दिवशी पुन्हा बघितले.
"हं. या हातांनी."

फुला मान भिंतीकडे वळवून पडलेली.
मास्क तिला, मास्क मला.
हासळीखालून निघालेली पांढरी नळी,
तिला दोन शेपट्या, लाल आणि निळी.
आतलं टोक कुठवर गेलंय ते एक्स-रेत दाखवलं होतं:
हृदयाच्या उंबऱ्याशी.
बावीस वर्षांच्या संसारात
मी काही तिथवर पोचलो नव्हतो.

घामानं पट्टीचा एक कोपरा सुटलेला.
नळी ओढली जाणार नाही अशी हळू सोलतो.
लाली नाही. सूज नाही. पाणी नाही.
तारीख वहीत लिहायची, मागच्या पानांवर गिऱ्हाइकांची उधारी.

मग औषधाचा बोळा, घासून घासून,
आणि वाळू द्यायचं.
फुंकर मारायची नाही.
पोराचा गुडघा फुटला तेव्हा फुंकर,
माझ्या डोळ्यात तट्टीची काडी गेली
तेव्हा पदराचा बोळा करून हिचीच फुंकर,
आणि आता हवेवर पोट भरणारा मी
श्वास धरून बसलोय,
तिच्या गळ्यावरून घामाचा एक थेंब
नळीची वाट धरतोय.
गॉजनं टिपतो.

सिरिंजमध्येसुद्धा हवा नको.
टिचकी. बुडबुडा वर येतो, बाहेर जातो.
नळीचं तोंड घासत पंधरा मोजतो,
खुंटीवरच्या शर्टात फोन वाजतो,
माझे आकडे त्याच्या रिंगेत मिसळतात,
पुन्हा एकपासून.
दाब. थांब. दाब. थांब.
"आलं तोंडात," फुला म्हणते. "खारट."

अक्षय तृतीयेच्या रात्री
नळी धुऊन अर्धा तास झाला असेल,
भिंतीला हात लावला तर चटका बसत होता,
आणि ही म्हणाली, "अजी, रजई द्या ना."
मी उठलोसुद्धा. पेटीचं झाकण उघडलं,
डांबरगोळ्यांचा वास आला
आणि त्या वासातच सिस्टर आठवल्या:
हिव भरलं तर पांघरूण नंतर. आधी गाडी.
शेजारच्या घनश्यामनं बनियनवरच ऑटो काढला.
मेडिकलला अकरा दिवस.
नळी वाचली. बाकीचं मी मोजत नाही.

नवी पट्टी. कडा बोटानं दाबून दाबून.
वर पेनानं तारीख.
"लावा ना जी आता," फुला म्हणते.

बटण दाबतो. कोरडी तट्टी आधी धूळच फेकते
म्हणून तोंड दाराकडे फिरवून ठेवलेलं,
मग पाणी चढतं, मग वाळ्याचा वास.
ती डोळे मिटते.

फोन पुन्हा. रेशीमबागेच्या काकू.
"काऊन रे, एवढा वेळ?"
"घरचा कूलर बंद होता, काकू."
त्या हसतात, खूप वेळ हसतात,
"कूलरवाल्याच्याच घरी!"
मी पाना, पकड, दोन पंप पिशवीत टाकतो
आणि हात पुन्हा काळे करायला निघतो.